उसनी लाळ

नणंदेच्या मुलाच्या साखरपुड्यात केतकीने पुरणपोळीचा घास तोंडात घातला आणि तो तिथेच राहिला. चावून चावून त्याचा लगदा झाला, पण गिळायला तोंडात ओलावाच नव्हता. पुरण टाळूला लेपासारखं बसलं, जीभ त्यात रुतली. पेला रिकामा होता आणि पाणी वाढणारा पंगतीच्या दुसऱ्या टोकाला. शेवटी तिने रुमाल तोंडापुढे धरला आणि बोटाने तो लगदा उकरून काढला. शेजारी बसलेल्या बाईंनी रुमालातला पिवळट गोळा पाहिला आणि आपलं ताट नकळत थोडं पलीकडे सरकवलं.

निनादनेही पाहिलं. त्याने पाणी वाढणाऱ्याला हाक मारली. तिच्या नवऱ्याचा स्वभाव तसा सांभाळून घेण्याचाच होता. पण गेली काही वर्षं तो तिच्याशी बोलताना मान जराशी वळवून बोलत असे. का, ते तिला ठाऊक होतं. लाळ आटलेल्या तोंडाला वास येतो. कुजट, साठलेल्या पाण्याच्या हौदासारखा. तिच्या खालच्या दाढा किडून पडल्या होत्या, जिभेला भेगा होत्या, ओठांच्या कोपऱ्यात पांढरा चिकटा जमायचा. मिरजेच्या कॉलेजात ती जीवशास्त्र शिकवायची. पहिल्या बाकावरच्या मुली मागे जाऊन बसू लागल्या, तेव्हा तिने फळ्याकडे तोंड करून शिकवायला सुरुवात केली. स्वतःच्या तोंडाची तिला किळस येत असे. दात घासताना ती आरशात पाहत नसे.

आजाराचं नाव शोग्रेन. शरीराची संरक्षक फौज आपल्याच लाळेच्या ग्रंथींवर उलटते. डॉक्टर अस्मा इनामदार तिच्यावर बरीच वर्षं उपचार करत होत्या. नवा उपचार मिरजेत आला, तेव्हा त्यांनी केतकीला बोलावून घेतलं आणि कागदावर द्राक्षाचा घड काढून सगळं सांगितलं. लाळेची ग्रंथी अशीच, घडासारखी. प्रत्येक मणी पेशींचा. पेशीला मरण दोन तऱ्हेचं येतं. एक शहाणं मरण: पेशी आपलं सामान आवरते, स्वतःच्या लहान लहान पुड्या बांधते, शेजारच्या पेशी त्या गिळून टाकतात आणि कुणाला पत्ताही लागत नाही. दुसरं मरण घाणेरडं. पेशीतलंच एक प्रथिन तिच्या आवरणाला भोकं पाडतं, बाहेरचं पाणी आत घुसतं, पेशी टम्म फुगते आणि फुटते. आतलं सगळं बाहेर सांडतं. त्या सांडलेल्या घाणीचा वास लागून फौज धावते, तिच्या माऱ्यात शेजारच्या पेशी फुटतात, आणखी घाण सांडते, आणखी फौज येते. ग्रंथी कायमची सुजलेली राहते आणि हळूहळू तिचा व्रण होतो.

नवं औषध ती भोकं पडूच देत नव्हतं. पेशीला मरायचंच असेल तर तिने गुपचूप मरावं, एवढीच त्याची करामत. घाण सांडली नाही की फौज येत नाही, आणि फौज येत नाही म्हटल्यावर दुसऱ्या माणसाच्या पेशीसुद्धा तिथे सुखाने नांदतात. केतकीच्या ग्रंथींत आता व्रणाशिवाय काही उरलं नव्हतं. तिथे नवं पेरावं लागणार होतं. सख्ख्या नात्यातल्या, ऊतींचा मेळ बसणाऱ्या माणसाच्या ओठाच्या आतून मसुराएवढा तुकडा घ्यायचा, त्यापासून प्रयोगशाळेत ग्रंथीच्या बारीक कळ्या वाढवायच्या आणि सुईने तिच्या गालात पेरायच्या. कळ्या दीड-दोन वर्षांत म्हाताऱ्या होतात, मग पुन्हा ताजा तुकडा लागतो.

केतकीला सख्खं असं एकच माणूस होतं. सुजयअण्णा, तिचा थोरला भाऊ. आई आधीच गेली होती, वडील गेले तेव्हा ती शाळेत होती. अण्णाने स्वतःचं शिक्षण सोडून खानावळ काढली, तिला एमएस्सी केलं, तिचं लग्न लावून दिलं. खानावळीचं पुढे मोठं प्रस्थ झालं. तासगाव रस्त्यावरच्या त्याच्या मोठ्या शेडमधून आता तालुक्यातल्या सगळ्या सरकारी वसतिगृहांना दोन वेळचं जेवण जात असे. तिने फोन केला तेव्हा तो म्हणाला, कधी यायचं तेवढं सांग. मेळ बसला. ओठाला टाका पडलेला असताना तो हसत हसत सांगत होता की लहानपणी ही माझ्या ताटातलं उष्टं कधी खायची नाही, बघा आता.

पेरणीनंतर काही आठवड्यांनी एका सकाळी निनाद लिंबू कापत होता. केतकी नुसती पाहत उभी होती, आणि जिभेखाली काहीतरी झिरपलं. आधी तिला वाटलं हिरडीतून रक्त आलं. बोट घालून पाहिलं तर ते पाणी होतं. ती ओट्याला टेकून खाली बसली आणि रडली. त्या दिवशी तिने कोरडी भाकरी खाल्ली, शेंगदाण्याच्या चटणीशी, पाण्याचा घोट न घेता.

पुढचं वर्षभर सुखाचं गेलं. ती वर्गाकडे तोंड करून शिकवू लागली. निनाद तिच्याशी सरळ बघून बोलू लागला, आणि एका संध्याकाळी कित्येक वर्षांनी त्याने तिच्या ओठांवर ओठ टेकवले.

वासाचं मात्र तिने कुणाला सांगितलं नव्हतं. सकाळी उठल्यावर तिच्या तोंडाला एक वास यायचा. आजारपणातला कुजट वास नव्हे, वेगळाच. आंबूस, किंचित लोखंडासारखा. तो वास ओळखीचा होता, पण कुठला ते तिला लवकर कळेना. मग एकदा कळलं. लहानपणी ती आणि अण्णा एका अंथरुणावर झोपायचे. तो तिच्याकडे तोंड करून, तोंड उघडं टाकून झोपायचा. त्याचा तो श्वास होता.

डॉक्टरांना विचारलं तर त्यांना नवल वाटलं नाही. तोंडात कोट्यवधी जीवाणू असतात आणि कुठल्या जीवाणूंनी तिथे घर करायचं हे लाळ ठरवते, त्या म्हणाल्या. लाळेतली प्रथिनं ज्याची त्याची निराळी. तुमच्या लाळेची कृती आता भावाची आहे, तेव्हा वस्तीही हळूहळू तशीच होणार. कारलं पूर्वीसारखं कडू लागत नाही ना? तेही त्याचमुळे. यात अपाय काही नाही.

अपाय काही नव्हता. केतकी स्वतः हे वर्गात शिकवू शकली असती. पण त्या रात्री निनाद जवळ आला तेव्हा तिने तोंड फिरवलं. त्याला कारण सांगता येईना. आपल्या तोंडात अण्णाचं तोंड आहे आणि निनाद त्याचं चुंबन घेतोय, हा विचार एकदा मनात आला तो जाईना. तिने खसखसून दात घासले, मिठाच्या गुळण्या केल्या. गुळणी थुंकून होते न होते तोच ग्रंथींतून नवी लाळ झिरपली. ऊन, पातळ, त्याची. ज्याने आपलं तोंड परत दिलं त्याचीच आपल्याला किळस यावी, याची तिला लाज वाटत होती. तिने ठरवलं की सवय होईल.

दिवाळी आली. भाऊबीजेला अण्णाला सवड नव्हती. वसतिगृहांना सुट्ट्या असल्या तरी परीक्षेच्या अभ्यासासाठी काही मुलं-मुली राहिल्या होत्या, डबे जायचेच होते. शेडवरच ये, त्याने निरोप दिला. केतकी ओवाळणीचं ताट घेऊन दुपारी तिथे गेली. पुढच्या ऑफिसात तो नव्हता, म्हणून ती मागच्या दाराने थेट स्वयंपाकाच्या भागात शिरली.

आधी वास आला. आंबलेल्या डाळीचा, आणि त्याच्यावर पसरलेल्या गरम मसाल्याचा. कमरेएवढ्या उंचीच्या चार कढया होत्या, त्यांत यंत्राची पाती फिरत होती. पहिल्या, अजून न तापलेल्या कढईशी दोन बायका लांब दांड्याच्या झाऱ्याने वरचा फेस काढत होत्या. फेस पिवळट राखाडी होता आणि त्यात पांढरं काही वळवळत होतं. बायका ते बादलीत झटकत होत्या. बादली अर्धी भरली होती. बाजूला आदल्या दिवसांची उरलेली आमटी पिंपांत ठेवली होती, तिच्यावर साय धरावी तशी बुरशी धरली होती. एक माणूस ती साय हाताने बाजूला करून खालची आमटी कढईत ओतत होता.

प्रत्येक कढईला सरकारने संवेदक बसवायला लावले होते. अन्न नासलं की संवेदकाला कळायचं आणि जिल्ह्याच्या कार्यालयातल्या पडद्यावर लाल खूण उमटायची. केतकीने वर पाहिलं. चारही संवेदकांच्या तारा कढयांवरून नेऊन भिंतीवरच्या एका फळीवर आणल्या होत्या. फळीवर चार लहान पातेली होती, आणि त्यांत ताजं, सोनेरी वरण मंद आचेवर होतं. संवेदक त्या वरणात सोडलेले होते. वरच्या बारीक दिव्यांचा रंग हिरवा होता.

अण्णा तिसऱ्या कढईपाशी होता. त्याने पळीभर आमटी उचलली, फुंकली, ओठांना लावून भुरका मारला, मिटक्या मारत चव घेतली आणि तीच उष्टी पळी परत कढईत बुडवून ढवळली. मग त्याला ती दिसली.

तो गडबडला नाही. उकळलं की सगळं शुद्ध होतं, तू सायन्सवाली, तुला काय सांगायचं, असं म्हणाला. उरलेलं टाकायचं म्हटलं तर टेंडर परवडत नाही आणि पोरं हे खाऊन धडधाकट आहेत, हेही त्याने सांगितलं. केतकीला उत्तर द्यायचं होतं. पण तिचं तोंड पाण्याने भरून गेलं. ओकारी येण्याआधी भरतं तसं. इतकी वर्षं ज्या तोंडात थेंब नव्हता ते काठोकाठ भरलं, हनुवटीवरून ओघळलं. ती सगळी त्याची लाळ होती. तिने ताट खाली ठेवलं आणि बाहेर जाऊन भिंतीशी ओकली.

बाहेर आलेल्या अण्णाला तिने एवढंच सांगितलं की हे बंद कर, उकळून जंतू मरतात पण त्यांनी केलेलं विष मरत नाही. तो बंद करतो म्हणाला. तिने ओवाळलं नाही. घरी आल्यावर निनादला सगळं सांगितलं. निनाद म्हणाला, अण्णा बंद करतो म्हणालाय ना, मग झालं. तिनेही ते झालं असं मानलं.

पौषात तालुक्याच्या पूर्व भागातल्या मुलींच्या वसतिगृहात रात्रीच्या जेवणानंतर उलट्या सुरू झाल्या. सकाळपर्यंत वसतिगृहाचा व्हरांडा, जिने, न्हाणीघर, सगळं ओकाऱ्यांनी आणि जुलाबांनी भरलं. मुलींना मिरजेला आणलं. बहुतेक वाचल्या. आठवीतली समीक्षा कांबळे नावाची मुलगी वाचली नाही.

चौकशी लागली. जिल्ह्याच्या पडद्यावर त्या दिवसाच्या चारही खुणा हिरव्या होत्या. यंत्र खोटं बोलत नाही, असं वर्तमानपत्रांत छापून आलं. अण्णाने सांगितलं की वसतिगृहाची टाकी घाण आहे, वाढणाऱ्या बाया हात धूत नाहीत. दोन वाढणाऱ्या बायांना निलंबित केलं. शेडमधली माणसं काही बोलली नाहीत. केतकीने हे सगळं वाचलं. समीक्षाचा शाळेच्या ओळखपत्रावरचा फोटोही तिने पाहिला, तेल लावून घट्ट बांधलेल्या दोन वेण्यांचा.

तिच्या कळ्या म्हाताऱ्या होत चालल्या होत्या. रात्री पुन्हा पाणी लागू लागलं होतं. दुसऱ्या पेरणीची वेळ जवळ आली होती, आणि त्याच आठवड्यात अण्णा घरी आला. बरोबर वहिनीने केलेल्या तिळाच्या वड्या होत्या. निनादने त्याला खुर्ची दिली. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर अण्णाने चौकशीचा विषय काढला. पुढच्या आठवड्यात उपविभागीय अधिकारी जबाब घेणार आहेत, कुणाला काही माहीत असेल तर येऊन सांगावं असं जाहीर केलंय, तो म्हणाला. भाऊबीजेला केतकी शेडवर आली होती हे शेडमधल्या माणसांशिवाय कुणाला ठाऊक नाही, हेही त्याने सहज सांगितल्यासारखं सांगितलं.

केतकीने विचारलं, "तू बंद केलं नव्हतंस?"

"थोडं थोडं करत आणलं होतं."

"एक मुलगी मेली, अण्णा."

त्याने वडीचा तुकडा तोंडात टाकला. जिभेने तो गालात सरकवत तो म्हणाला, "तुझ्या तोंडात जे पाणी आहे ना केतू, ते माझं आहे. त्या पाण्याने तू माझ्याविरुद्ध बोलणार आहेस का?"

त्याच्या ओठांच्या कडेला गुळाची ओली तार आली होती. केतकीची नजर तिथून हलेना. आपल्या जिभेवरही त्या क्षणी तेच आहे, तीच चिकट ऊब, हे तिला जाणवलं. दाराशी चप्पल घालताना तो निनादला म्हणाला की पेरणीची तारीख कळवा, मी तयारच आहे.

निनादने त्या रात्री तिला समजावलं. तो वाईट माणूस नव्हता. त्याला फक्त बायको पुन्हा तशी व्हायला नको होती. गेलेली मुलगी परत येणार नाही, तुझा जबाब नसला तरी चौकशी आपल्या मार्गाने जाईल, असं तो म्हणत होता. केतकी ऐकत होती. मध्येच तिने विचारलं, तुला माझ्या तोंडाचा वास आवडायला लागला होता का? तो म्हणाला, हो. मग ती म्हणाली, तो माझा नाही.

उपविभागीय अधिकाऱ्यांच्या कार्यालयात ती गेली तेव्हा समीक्षाची आई बाहेरच्या बाकावर बसली होती. अण्णा आतच होता, वकिलासह. केतकी जवळजवळ तासभर बोलली. बादलीतलं, पिंपांतलं, बुरशी बाजूला करणाऱ्या हाताचं. भिंतीवरच्या फळीचं, चार पातेल्यांचं, तिथपर्यंत नेलेल्या तारांचं. पूर्वी एवढं बोलताना तिला दहा वेळा थांबावं लागलं असतं. आता शब्द सुळसुळीत येत होते, जीभ कुठे अडत नव्हती, आणि प्रत्येक शब्दागणिक ते ओलेपण तिला टोचत होतं. वकिलाने विचारलं की आपल्याला आधीच माहीत होतं, तर आपण आधी का बोलला नाहीत. केतकी म्हणाली, "भावाकडून मला काही हवं होतं." अधिकाऱ्यांनी काय हवं होतं ते विचारलं. तिने तेही सांगितलं. खोलीतल्या सगळ्यांनी तिच्या तोंडाकडे पाहिलं. टंकलेखन करणाऱ्या बाईंनी खुर्ची थोडी मागे घेतली.

त्याच संध्याकाळी पथकाने शेडवर छापा घातला. पातेली हलवली होती, पण फळी होती, तारांसाठी पाडलेली भोकं होती, भिंतीवर चार गोल काळे डाग होते. ते पाहिल्यावर झाऱ्याने फेस काढणाऱ्या बायका बोलल्या. अण्णाला अटक झाली. वहिनीने फोन करून केतकीला जे म्हणायचं ते म्हटलं आणि संबंध तोडला. वाढणाऱ्या बायांना कामावर परत घेतलं.

फाल्गुनात डॉक्टर इनामदारांनी तिला बोलावलं. अण्णाने पहिल्या वेळी दिलेल्या तुकड्यातला काही भाग नेहमीच्या पद्धतीने गोठवून ठेवला होता. देणाऱ्याने तेव्हाच रुग्णालयाच्या साठ्याला संमती दिलेली असते, आता ती मागे घेता येत नाही. ताज्याइतका नव्हे, तरी एक पेरणी त्यात होईल, वर्षभर निघेल. तोवर दुसरा कुणी देणारा शोधू.

केतकीने नको म्हटलं.

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "केतकीताई, पेशी पाप करत नाहीत. तुम्ही हे मुलांना शिकवता."

"माहीत आहे. शिकवते मी," केतकी म्हणाली. "पण घास गिळताना ते आठवत नाही, डॉक्टर. दुसरंच आठवतं."

डॉक्टरांनी आग्रह केला नाही. थोड्या वेळाने त्या म्हणाल्या की जतच्या एक बाई यादीत आहेत, मोलमजुरी करतात, नात्यात कुणाचा मेळ बसला नाही. या पेशींशी त्यांचा योगायोगाने बसतो. तुमचा पहिला हक्क होता म्हणून आधी तुम्हाला विचारलं. केतकी म्हणाली, त्यांना द्या. कुणाचं आहे ते मात्र सांगू नका. डॉक्टर म्हणाल्या, तसंही आम्ही सांगत नाही.

उन्हाळाभर तिचं तोंड आटत गेलं. आंबूस वास आधी गेला, मग जुना कुजट वास परत आला. औषधामुळे सूज नव्हती, दुखतही नव्हतं, नुसता कोरडेपणा होता. कॉलेज सुरू झालं तेव्हा पहिल्याच तासाला तिने मुलांना आपल्या आजाराविषयी सांगून टाकलं, पेशी कशी फुटते ते फळ्यावर काढून. दोन मुली तरीही मागे जाऊन बसल्या. निनाद तिच्यासाठी रोज गुरगुट्या भात शिजवत होता. तो अजून तिच्यावर थोडा रागावलेला होता आणि भात मात्र नीट मऊ करत होता.

श्रावणात डॉक्टरांचा फोन आला. औषधाच्या तपासणीची तारीख सांगून झाल्यावर त्या म्हणाल्या की जतच्या बाई आज येऊन गेल्या. कळ्या छान धरल्या आहेत. बाईंनी येताना वाटेत चिंच घेतली होती, दवाखान्यात बसून ती खाल्ली आणि तोंडाला सुटलेलं पाणी सगळ्या नर्सना आ करून दाखवलं. केतकीला बरं वाटलं. ते खरंच बरं वाटणं आहे का हे ती क्षणभर तपासत राहिली.

"त्यांना वास येतो का?" तिने विचारलं.

"वास? कसला?"

"काही नाही," केतकी म्हणाली. तिने तारीख लिहून घेतली, फोन ठेवला आणि पाण्याचा घोट घेतला.